टबातली कासवीण

१२ जानेवारी
कासव आलं! बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या दवाखान्यात कुत्री, मांजरं, क्वचित कुणाची म्हैस — आणि आज चक्क समुद्रातली कासवीण. कारवारकडच्या किनाऱ्यावरून, ओल्या पोत्यांत गुंडाळून, चार तास जीपनं. घेऊन आला भरमा. मूळचा खानापूरकडचा, आता त्या किनाऱ्यावर वनखात्यासाठी कासवांची राखण करतो. म्हणाला, "डॉक्टरबाई, हिला बुडीच मारता येत न्हाय. एका अंगावर नुसती तरंगत्या. तिकडचं एक्स-रेचं मशीन बंद हाय."
पुढचा डावा पाय जाळ्याच्या दोऱ्यानं हाडापर्यंत कापलाय. मी आजवर समुद्री कासवाला हात लावलेला नाही. मारुतीराव सरांनीही नाही — चाळीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करून!

१३ जानेवारी
एक्स-रे काढला. आतड्यात वायू कोंडलाय, म्हणजे काहीतरी अडकलंय. प्लास्टिक असेल तर फोटोत दिसणार नाही, सर म्हणाले. दिसलं ते वेगळंच. गोल गोल सावल्या, एकमेकींना चिकटून.
अंडी.

१४ जानेवारी
खात नाही. टबातल्या मिठाच्या पाण्यात तिरकी पडून असते. श्वास घ्यायला डोकं वर काढते तेव्हा आवाज येतो — थकलेल्या बाईनं उसासा टाकावा तसा.

१५ जानेवारी
ऑपरेशनशिवाय वाचणार नाही. ऑपरेशन सोसेल याचीही खात्री नाही. म्हणून आधी इंजेक्शन देऊन अंडी काढायची, असं सरांचं ठरलं.
निपाणीला घरी, वडिलांना फोन केला. आमच्या जैन घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. अण्णांनी एवढंच विचारलं,
"जीव हाईत त्यात?"
"व्हय अण्णा."
"मग हात हलू देऊ नको त्रिशला."

१६ जानेवारी
दुपारपर्यंत अडुसष्ट अंडी. मऊ, ओली. उलटीपालटी न करता एकेक वाळूच्या बादलीत ठेवलं. मान आखडली. हात हलला नाही.
किनाऱ्यावर पुरायला भरमा लगेच निघाला. "मांडीवर घिऊन बसतो बाई. डायव्हरला सावकाश चालवायला सांगतो."

१८ जानेवारी
टेबलावरच गेली.
नंतर उघडून पाहिलं. आतडं गच्च. दुधाच्या पिशवीचे तुकडे, फुग्याचं रबर, निळ्या जाळ्याची गाठ. सर हात धुवायला गेले ते लवकर आलेच नाहीत.
आधी वाटलं, ही घाण समुद्राकाठच्या लोकांची. मग आठवलं, आमच्या निपाणीची वेदगंगासुद्धा शेवटी कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला मिळते. तिकडंही आज कुणीतरी असंच पोट उघडून बसलं असेल.

६ फेब्रुवारी
भरमाचा फोन. "तुमचं घरटं बरं हाय बाई. कुंपण घातलंय. कोल्ही येत्यात, पर मी हाय."

१ मार्च
पुन्हा भरमा. आवाज बारीक. "पाण्याला तेलाचा वास मारतोय. लांब कुठलं तर जहाज फुटलंय म्हणं. वाळूवर डांबराचे गोळे पडाय लागल्यात."
अंडी आता हलवता येत नाहीत. आत पिल्लं धरलीत.

८ मार्च
सरांबरोबर किनाऱ्यावर आले. लाट येते ती काळी, जाते ती काळी. भरमाचे पाय घोट्यापर्यंत डांबरानं माखलेत. घासलेटनं पुसतो, परत माखतात. कुंपणातली वाळू तेवढी स्वच्छ. मी तिथंच बसून आहे.

९ मार्च, सकाळ
उजाडता उजाडता वाळू खचली. आधी एक नाक. मग सगळीच धडपडत वर — एकेचाळीस! तळहाताएवढीसुद्धा नाहीत. निघाली थेट पाण्याकडं. सोडली असती तर पाच-दहा पावलांवर डांबरात रुतली असती. आम्ही तिघांनी धावत धावत टोपलीत गोळा केली.
भरमा बोट घेऊन गेलाय. "आत जातो. नितळ पाणी लागंल तितं सोडतो."

९ मार्च, दुपार
भरमा परत आला. टोपली तशीच भरलेली. "नितळ पाणी लागलंच न्हाय बाई."
समुद्र निवळेपर्यंत पिल्लं आईच्याच टबात ठेवायला वनखात्याच्या साहेबांनी फोनवर होय म्हटलं. सर गाडी चालवताहेत, घाट लागलाय. एकेचाळीस पिल्लं माझ्या मांडीवर, टोपलीत. समुद्र मागं टाकून आम्ही त्यांना बेळगावला नेतोय.