तुमच्या भावाला पडलेले जास्तीचे मार्क

अकोला, जुने शहर
मंगळवार, दुपार

ती. जाईबाई यांना,

धाकट्या भावजयीचा दंडवत प्रणाम. तिकडे रिद्धपूरला तुमचे गुडघे बरे असतील. नसले तरी तुम्ही सांगणार नाही. इकडे आम्ही ठीक, म्हणजे मी थकले आहे आणि तुमचे भाऊ म्हणतात त्यांना काही झालेलंच नाही. फोन केला असता, पण तुमचा आवाज फोनमधून शेजारच्या खोलीत पोचतो आणि तिथे तेच बसलेले असतात. म्हणून हे पत्र.

विसरण्याच्या आजारावर एका नव्या गोळीची चाचणी इथल्या दवाखान्यात चालू आहे. त्यात यांचं नाव लागावं म्हणून मी दोन महिने खेटे घालते आहे. (निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी, आणि कोणाला कोणती हे डॉक्टरीणबाईंनाही माहीत नसतं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या घरासारखंच.) खरी मिळेल असं नाही, पण दीड वर्ष दर महिन्याला माझ्याशिवाय आणखी कोणीतरी त्यांच्याकडे नीट बघेल, एवढंही मला पुष्कळ आहे.

नाव लागण्याआधी डोक्याची परीक्षा असते. आता परीक्षा म्हटल्यावर आपल्या घरातून तयारीशिवाय कोण गेलंय? बाहेरच्या बाकावर मूर्तिजापूरच्या एक बाई होत्या, त्यांच्या नवऱ्याची परीक्षा झालेली. त्यांच्याकडून सगळे प्रश्न उतरवून आणले आणि तीन आठवडे यांच्याकडून घोकून घेतले. तारीख, वार, जिल्हा, शंभरातून सात-सात वजा, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा. चुकले की चहा उशिरा. (बत्तीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक. कोणतीही वेळ सांगा, घड्याळात सव्वासातच वाजवायचे, कारण तेव्हा त्यांची शेगावची गाडी सुटायची.) मला खरंच वाटलं होतं, की मार्क चांगले पडले तर गोळीही चांगली देतील.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मी पाच शब्द सांगते. हे म्हणाले, "तुमी कायले तरास घेऊन राहिल्या? कंदील, बोर, सतरंजी, घंटा, पिवळा." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर सारखा करत बसले. तरी नियमाप्रमाणे पेपर पुरा घेतला. मार्क भरघोस. इतकं आठवणाऱ्या माणसाला चाचणीत घेता येत नाही, म्हणाल्या. हे गल्लीभर "पयला आलो" सांगत फिरले आणि पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पेढे पाहून मला विचारलं, कोण पास झालं.

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. बोलणी खाल्ली. आता दुसऱ्या पेपरची तारीख दिली आहे आणि घोकंपट्टी बंद आहे.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
सुंदरा

ता.क. पेपर येत्या अठरा तारखेला आहे, आणि यांना लहानपणापासून ओळखणारं माणूस सोबत आणा म्हणाल्या आहेत. मागे डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही "माया भावाचं डोकं एकदम साबूत हाये" म्हणालात, जणू स्थळ आलं होतं. ते कागदावर चढलं आहे. तुम्ही या आणि चैत्रात आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हाचं सांगा. तुमच्याच गल्लीत यांना तुमचं दार सापडेना. "पाय मोकळे करायले गेला होता" असं लोकांना सांगून तुम्ही हाताला धरून आणलंत आणि मग चुलीपाशी डोळे पुसत बसलात. मी पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही.

ता.क. पुन्हा. परीक्षेच्या दिवशी निघताना डॉक्टरीणबाईंनी यांना सहज विचारलं, सोबत कोण आलंय. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "हे मायी मोठी बहीण होय, जाईबाई." हे काही मी घोकून घेतलं नव्हतं. मला फार लागलं. म्हणून म्हणते, तुम्ही याच. तुमचं ते ऐकतात. बाहेर पडल्यावर रिक्षापर्यंत माझा हात धरून आले. बेचाळीस वर्षांच्या संसारात रस्त्यात कधी धरला नव्हता.