'ला फार्गा'चे न मोजलेले अंक

४ मे १९९७, रविवार
सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. कॉफी ओठांना लागायच्या आत हा घाव! 'ला फार्गा'च्या पंचाहत्तरीच्या पुरवणीत संपादक ओलेगेर पुजादेस लिहितात — १९३९ साली हुकूमशहाच्या शिपायांनी छापखाना फोडला, पुढे अडतीस वर्षं आपलं दैनिक मुकं होतं.

मुकं? मग बंदी असलेल्या आमच्या कातालान भाषेतले 'ला फार्गा'चेच जांभळ्या शाईचे कागद मी वाटत होते ते काय होतं?

सिस्टर पेर्पेतुआ मठाच्या स्वयंपाकघरात बिही या फळाच्या वड्यांच्या ताटात जिलेटिन ओतायच्या, ते गोठलं की त्यावर जांभळ्या शाईचा मजकूर उमटवायच्या आणि कोरे कागद दाबून प्रती काढायच्या. डब्याच्या तळाशी अंक, वर वड्या. आम्ही शाळेतल्या मुली घरोघर पोचवायचो. फौजदाराच्या घरचा डबा तेवढा नुसत्या वड्यांचा!

५ मे
कचेरीत गेले. म्हटलं, पहिल्या पानावरच्या अंक-क्रमांकात आमचे ते चाळीस चोरटे अंकही मिळवा.
पुजादेस हसले. "सेन्योरा रेमेई, आपलं पत्र डाव्या पक्षाचं. ननांनी चालवलं म्हटलं तर लोक काय म्हणतील?"
"म्हणतील, पक्षाचे पुरुष तेव्हा कुठे होते?"


८ मे
सिस्टरना भेटले. ब्याण्णव वर्षं, पण जीभ शाबूत. त्या असेपर्यंत हे छापून यायलाच हवं.
"राहू दे गं पोरी. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये."
"डाव्यांनाच तर कळायला हवंय!"
हसल्या, पण नाव छापायला नाहीच म्हणाल्या.

११ मे
पुजादेसच्या आईचा फोन! "अगं, त्या जांभळ्या कागदांवर तर मी वाचायला शिकले. थांब, कान पिळते त्याचा."

१६ मे, शुक्रवार
क्रमांक एका रात्रीत चाळीस घरं पुढे! खुलाशाची एक ओळ नाही. चोर! तरी उद्या अंक छातीशी धरून मठात धावणार.

१७ मे
सिस्टरनी भिंग लावून पाहिलं.
"चाळीस? एक्केचाळीस होते. शेवटचा तुम्ही मुली शाळा सोडून गेल्यावर काढला. अग्रलेख माझा होता."
मी अंक पुन्हा पाहिला.
"बघतेस काय? कागद घे, संपादकांना एक्केचाळीसचं पत्र लिही. माझं नाव घाल. आणि त्यांना सांग — उत्तर लेखी हवं, पुढच्या शनिवारी दुपारी बाराच्या आत."