डाव्या गालाचा पत्रा

त्या सकाळी माझा सडा टाकून झाला होता, पाणी भरून झाले होते आणि चुलीवर चहाचे आधण होते. आमचे मालक उजवा गाल गुळगुळीत करून वस्तरा धुवायला लागले.

"डावीकडचं राहिलं की," मी म्हणाले.

"राहू दे. दुपारी याह्याशेठ येणार हायेत. दोन्ही नमुने दाखवायचेत."

मी, ज्ञानेश्वरी त्रिंबक गाडेकर, वय एकाहत्तर, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही.

आधी नमुन्यांचे सांगते, नाहीतर पुढचे कोर्टाला कळायचे नाही. आमचे स्टीलला पॉलिश करण्याचे वर्कशॉप. गिऱ्हाईक "चांगलं पॉलिश करा" एवढेच सांगायचे आणि चांगले म्हणजे किती, यावरून माल परत यायचा. म्हणून मालकांनी दोन नावे ठरवली. 'सकाळची दाढी' म्हणजे आरशासारखे. औषधाच्या टाकीला आतून हेच लागते, काही चिकटून राहत नाही. 'संध्याकाळची दाढी' म्हणजे बारीक खरखर. लिफ्टच्या दाराला ही बरी, बोटांचे ठसे दिसत नाहीत. गिऱ्हाइकाने मालकांचा गाल चाचपायचा आणि ऑर्डर द्यायची. दोन्ही दाखवायचे असले की मालक अर्धीच दाढी करत. तसेच ते दोन लग्नांनाही जाऊन आलेले आहेत.

१. घर व वर्कशॉप मुलगा ऋतुराज यास. त्याने आणलेले खरखर मोजायचे यंत्र चांगले आहे, खरे बोलते. मात्र ऑर्डरीवर आकड्याशेजारी दाढीही लिहावी. आमचे नेहमीचे गिऱ्हाईक याह्याशेठ, त्यांना आकडे लक्षात राहत नाहीत.

२. बफ मशीन, म्हणजे पत्रा घासून चकाकवायचे फिरते चाक, आमचे जुने कारागीर जब्बारभाई यांना. मालकांना ताप आला की गालाचे काम त्यांच्यावर यायचे, पण ते म्हणायचे, "भाभी, माझ्या दाढीत तर ब्रश बी हरवंल."

३. न्हाणीघराचे स्टीलचे दार दीर कडुबा यांना, बिजागऱ्यांसह. मालकांनी हौसेने त्याला आतून सकाळची दाढी केली. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे मुक्कामाला राहत नाहीत. कडुबाभावजी पहिल्यांदा आत गेले आणि टॉवेलावर बाहेर आले. म्हणाले, "वहिनी, आत कोणीतरी हाय."

४. मालकांचा वस्तराही कडुबाभावजींनाच, पाते काढून. त्या दुपारी याह्याशेठ यायच्या आधीच मालक बसल्या जागी गेले. भावजींनी लगेच न्हावी बोलावला. "असा अर्धवट माणूस वर धाडायचा का?"

मी म्हणाले, "भावजी, ते अर्धवट नाहीत. तो नमुना आहे."

कोणी ऐकले नाही. डावा गाल गेला.

५. वर्कशॉपच्या भिंतीवर तळहाताएवढा पत्रा टांगलेला आहे. तो ऋतुराजला, एका अटीवर. त्याला तो आरशासारखा करून, वर वडिलांचे नाव कोरून फाटकावर लावायचा आहे. "आई, मळकट दिसतोय तो," म्हणतो. नाव दुसऱ्या पत्र्यावर टाकावे. या पत्र्याला बफ लागला, तर घर व वर्कशॉप कडुबाभावजींना जाईल. भावजी तिथे म्हशी बांधतील, हे ऋतुराजला माहीत आहे.

सही : ज्ञानेश्वरी त्रिंबक गाडेकर

साक्षीदार :
१. शेख याह्या (सहीआधी पत्रा चाचपून "हाच तो" म्हणाले)
२. पारूबाई, शेजारीण (चाचपायला लाजल्या, सही केली)

स्थळ : चिकलठाणा
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार बसलेले असतानाच चार ओळी वाढवते, कारण हा पत्रा कुठून आला असे ऋतुराज विचारील. मालकांना पोहोचवून सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉप उघडले, जब्बारभाईंकडून पत्र्याचा एक तुकडा मागून घेतला आणि डोळे मिटून, हाताला डावा गाल लागेपर्यंत घासला.