पानमळ्यातली फटफटी

बाबा, परवा एक माणूस घरी आला होता. बोईसरच्या ह्या म्हातारीकडे लढाईच्या वेळची फटफटी पडून आहे, असं त्याला पालघरला कुणीतरी सांगितलं होतं. तिशीतला, बोलायला गोड, जुन्या गाड्या गोळा करायचं वेड असलेला. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी आहे, सीटवर कोंबड्या बसतात, टाकीला भोकं पडली आहेत. त्याने पुढचा दिवा उघडला, आत बॅटरीचा उजेड मारला आणि एकेक तार बोटाने चाचपून पाहिली. मग म्हणाला, "आजी, इंजिनाची पार माती झालीय, पण वायरिंग बघा ना कसलं सुंदर आहे! कुठल्या मिस्त्रीने केलं हो?" मी म्हटलं, "मी." तो हसला. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला हसतात तसा. तो गेला आणि इतक्या वर्षांनी मला तुमचा पुन्हा सणसणून राग आला. तुमच्या फोटोला माझी सून हार घालते, मी घालत नाही. हे तुम्हांला तिथून दिसत असेल तर खुशाल दिसू दे.

तारापूरला अणुभट्टीचं काम नुकतं सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी मॅट्रिक पास झाले होते आणि शाळेतल्या बाईंनी ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज स्वतः आणून दिला होता. मला मास्तरीण व्हायचं होतं. तुम्ही नाही म्हणाला नव्हता. पण त्याच सुमाराला हे स्थळ आलं. मुलगा प्रकल्पाच्या कामावर नोकरीला, त्याला रोज येण्याजाण्याला वाहन हवं. रोख काही नको, फटफटी द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. नवी फटफटी घेण्याची आपली ऐपत नव्हती आणि नाही म्हणण्याची तुमची हिंमत नव्हती. मग तुम्ही एक तोडगा काढलात. बोईसरला एका ठेकेदाराच्या गोदामामागे लष्कराच्या लिलावातली एक फटफटी गंजत पडली होती. ती तुम्ही बैलगाडीत घातलीत, वर पेंढा टाकलात आणि तिन्हीसांजेला वाडीत आणलीत. घरी ठेवली तर कुणीतरी बघेल आणि मुलाकडे चहाडी जाईल, म्हणून थेट पानमळ्यात नेलीत, विहिरीजवळच्या छपराखाली. तिथे कोण येणार होतं? पानमळ्यात चपला घालून कोणी येत नाही आणि बाजूला बसलेल्या बाईची तर सावलीसुद्धा पडायची नाही, पडली की वेली जळतात, असं आपल्याकडे मानायचे.

त्या गाडीची एकही तार धड नव्हती. उंदरांनी कुरतडलेल्या, खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या, काही तर नुसत्या धाग्यावर लोंबत होत्या. तुम्ही दोन दिवस त्यात बोटं घातलीत आणि मग मला हाक मारलीत. "पोरी, तुझी बोटं बारीक हायेत. माझी जात नाय आत." आपल्याकडे वीज आली तेव्हा मी दिवसभर वायरमनच्या मागे मागे फिरले होते, त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं, ते तुमच्या लक्षात होतं. माझ्या लग्नात द्यायची गाडी मीच दुरुस्त करायची, हे तुम्हांला विचित्र वाटलं नाही. मी विचारलं, "आणि नाय झाली दुरुस्त तर?" तुम्ही विडा तोंडात टाकत म्हणालात, "नाय झाली तर लगीन तुळशीच्या लग्नानंतर. तवर जा खुशाल तुझ्या कालेजात." म्हणजे गाडी पावसाआधी चालू झाली तर लग्न, नाही झाली तर कॉलेज. आणि एकदा कॉलेजात गेले असते तर मला तिथून कोणी ओढून आणू शकलं नसतं, हे मला ठाऊक होतं. तुम्हांला ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही मला ओळखतच नव्हता.

तरीही सामान शोधायला तुम्ही मला बरोबर नेत होता, ते दिवस मला आजही कालच्यासारखे आठवतात. त्याचाही मला राग येतो. वाणगावला एका भाताच्या गिरणीत अशीच एक मोडकी गाडी पडली होती, तिचा डायनॅमो काढायला आपण गेलो. गिरणीवाला म्हणतो, खोलून न्यायचं तर तुमचं तुम्ही खोला. मी कोंड्याच्या ढिगावर गुडघे टेकून बोल्ट सोडवतेय आणि तुम्ही त्याला सांगताय, "माझ्या पोरीला कळते सगळं." बोईसरच्या भंगारवाल्याकडे दिव्याची काच मिळाली. तो म्हणाला, "चाचा, ये लड़ाई के टैम का माल है, अब नहीं मिलेगा," आणि काच तुमच्या हातात द्यायला लागला. तुम्ही हात मागे घेतलात. "उसको दो. वो देखेगी." मी काच उन्हात धरून तडा आहे का बघितलं. परत येताना तुम्ही पालघरच्या बाजारातून मला एक छोटी पक्कड घेऊन दिलीत, लाल मुठीची. बांगड्या घ्यायला गेलेल्या बायकांच्या गर्दीतून मी ती पक्कड हातात घट्ट धरून चालत होते. इतका मान तुम्ही मला आधी कधी दिला नव्हता. आणि तो कशासाठी दिलात तर मला घराबाहेर काढण्यासाठी. असा बाप असतो का, बाबा?

महिन्याचे ते चार दिवस मी मळ्याच्या कुडाबाहेर. आत माझी अर्धी जोडलेली गाडी आणि बाहेर मी, गोणपाटावर बसून तांदूळ निवडतेय. तुम्हांला मात्र दम नव्हता. एकदा तेवढ्या दिवसांत तुम्ही स्वतःच तारा बांधून टाकल्यात. कशाने? केळीच्या सोपटाने, खोडाच्या सालीने. पानवेल बांधतात तशी सोपटं पाण्यात भिजवून, ओल्या सोपटाने तुम्ही अख्ख्या गाडीच्या तारा दांड्यांना बांधल्यात, बोटभर अंतरावर एकेक गाठ, अगदी देखणी. मी पाचव्या दिवशी न्हाऊन आत आले आणि बघतच राहिले. सोपटाखाली पाणी धरलं होतं आणि माझ्या जोडांवर हिरवा गंज चढायला लागला होता. मी म्हटलं, "बाबा, तार वेल नाय. तिला ओलावा नको." तुमचा हात उठला. कानाखाली नाही बसला, पण उठला. "वेली बांधता बांधता केस पिकले माझे. तू मला गाठ शिकवते?" मी सगळी सोपटं कापली, सगळे जोड पुन्हा केले, कापडी पट्टीने गुंडाळले. तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चुकलो असं तुमच्या तोंडून जन्मात कधी निघालं नाही, तेव्हाही निघालं नाही.

वैशाख संपत आला तेव्हा गाडी चालू झाली. दिवाही लागला. मी दिवसभर खूश, आणि मग एकदम ध्यानात आलं, आता कॉलेज गेलं. पण तुमची हौस भागली नव्हती. मुलाकडचे परवा गाडी बघायला येणार म्हणून तुम्ही डबाभर काळा रंग आणलात आणि गाडी रंगवलीत. चाकाच्या आऱ्यांपासून दिव्याच्या कडेपर्यंत जिथे लोखंड दिसलं तिथे रंग. बोल्ट सोडवून त्यांच्या खालीसुद्धा ब्रश फिरवलात. गाडी नव्या नवरदेवासारखी चकाकली आणि दिवा बंद पडला. मुलाच्या वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, पोरगा अंधारात कामावरून येणार, दिवा हवाच. तुम्ही बॅटरी बदललीत, बल्ब बदललात, डायनॅमोला शिव्या घातल्यात.

मला एका नजरेत कळलं होतं. त्या गाडीत दिव्याकडे जायला एकच तार असते. परतीची वाट गाडीचं लोखंडच असतं. जिथे दिव्याची परतीची आखूड तार बोल्टखाली लोखंडाला टेकते तिथे तुम्ही रंग भरला होता, मग वीज परत येणार कशी? बोल्ट सोडवायचा, खालचा रंग खरवडायचा, बोल्ट आवळायचा. पाच मिनिटांचं काम. मी ते तुम्हांला सांगितलं नाही. घरी आले आणि आईजवळ बसले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला कळते ना काय झालं ते?" मी मान हलवली. तिने भाकरी उलटली आणि हळूच म्हणाली, "बाय, बाजूला बसली म्हनून सांग. चार दिस मळ्यात जायला नको. त्यांच्याने काय होनार नाय, आनि ते लोक बघून जातील परत."

माझ्या आईने आयुष्यात तुमच्यापुढे तोंड उघडलं नाही. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. त्या बाईने स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध जो एकमेव डाव टाकला तो माझ्यासाठी, आणि टाकला तो तुमच्याच सोवळ्याच्या जोरावर. ज्या नियमाने आम्हांला जन्मभर कुडाबाहेर बसवलं, त्याच नियमाने एकदा तरी आमचं भलं होणार होतं. कोण तपासणार होतं? तुम्ही तर त्या चार दिवसांचं नावसुद्धा घेत नव्हता. मी उठले. आईने माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला, आणि मी मळ्याकडे निघाले. कुडाबाहेरून ओरडून सांगायचं, बाबा, मी बाहेर बसलेय, आणि परत फिरायचं.

मी कुडापाशी पोचतेय. पानांतून मावळतीचं तिरपं ऊन आत येतंय. तुम्ही गाडीपुढे उकिडवे बसला आहात, पाठ माझ्याकडे, बनियन घामाने चिकटलेलं. आणि तुमच्या हातात माझी लाल मुठीची पक्कड आहे. तुम्ही हँडलखालून तारांचा सगळा जुडगा बाहेर ओढला आहे आणि पक्कडीचं तोंड त्याच्यावर ठेवलं आहे. माझे महिन्याभराचे जोड, एकेक कथलाने डाख दिलेला, एकेक गुंडाळलेला. तुम्ही ते सरसकट कापून नव्याने सुरुवात करणार होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, बाबा. मी तोंड उघडलंही. आणि ओरडले ते, "थांबा! कापू नका!" चप्पल कुडाशी कधी भिरकावली मला आठवत नाही. मी आत होते, तुमच्या हातातून पक्कड हिसकावत होते.

पुढचं तुम्हांला माहीतच आहे. मी बोल्ट सोडवला, कानशीने रंग खरवडला, खालून पांढरं लोखंड निघालं. तार टेकवली, बोल्ट आवळला, बटण फिरवलं. दिवा लागला. समोरच्या वेलींवर पिवळा गोल पडला आणि सगळी पानं एकदम हिरवीगार दिसली. तुम्ही म्हणालात, "शाबास." एवढंच.

लग्न पावसाआधी झालं. नवरा वाईट नव्हता. त्याने दोन वर्षं ती फटफटी चालवली, मग स्कूटर घेतली आणि ही मागे ढकलून दिली. एकदा दिवा बंद पडला तेव्हा मी म्हटलं, मी बघू का? तो म्हणाला, "तू कशाला? मिस्त्री आहे ना." मिस्त्रीने तार नव्हे, नुसता बल्ब बदलला. त्यानंतर मी त्या गाडीला हात लावला नाही. माझ्याबरोबरच्या मुली शिकल्या, आसपासच्या शाळांत लागल्या, हेडमास्तरीण म्हणून रिटायर झाल्या. मी त्यांच्या निरोप समारंभाला जायची, पुढच्या रांगेत बसायची, टाळ्या वाजवायची. आईने मला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही. पण माहेरी गेले की ती माझ्या डोळ्यांत बघायची नाही, ते तुमच्यामुळे.

एका गोष्टीसाठी तर मी तुम्हांला कधीच माफ करणार नाही. माझ्या लग्नानंतर तुम्ही जन्मभर, आल्यागेल्याला सांगत राहिलात, "पोरीच्या मनासारखं झालं. गाडीचा दिवा लागला ना, तवा अशी ओरडली खुशीने, आख्ख्या वाडीत ऐकू गेलं. मंग मी वळखलं, पोरगी लग्नाला राजी हाय." पाहुण्यांपुढे सांगायचात, नातवंडांना सांगायचात, शेवटच्या आजारपणात डॉक्टरलासुद्धा सांगितलंत. मी तिथे उभी असायची, चहाचा ट्रे हातात, आणि दरवेळी वाटायचं की ट्रे आपटावा आणि सगळ्यांदेखत ओरडावं, खोटं बोलताय तुम्ही.

कधी ओरडले नाही. कारण तेवढं तुम्ही खोटं बोलत नव्हता. मी ओरडले होते, बाबा. पानांवर तो उजेड पडला तेव्हा मला लग्न आठवलं नाही, कॉलेज आठवलं नाही, चुलीपुढे वाट बघत बसलेली आईसुद्धा आठवली नाही. लागला, लागला, असं ओरडत मी दोन्ही हात वर करून नाचले. तेवढी खूश मी पुन्हा कधीच झाले नाही.