हजेरीवरचा काशिराम

२ मार्च २०११
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! उजवी बोटं अजून चिकटलेलीच — बॉयलरची वाफ अंगावर आली त्याला पंधरा तारखेला दोन वर्षं होतील. अविनाश वकील म्हणाले, "त्याच दिवशी मुदत संपते, काशिराम. मग भरपाई विसरा." इतके दिवस मी काय केलं? कमळाकरच्या भरवशावर बसलो. ठेकेदार असला तरी आमच्याच कोन गावचा. म्हणायचा, "आपल्या मानसाला सोडीन काय मी?"

४ मार्च
दवाखान्याचा कागद सापडला. 'घरी स्टोव्हचा भडका.' खाली माझा डावा अंगठा. कमळाकरनेच धरून उठवलेला — पट्ट्यांतून मला काय दिसत होतं! गाढव मी.

७ मार्च
आमच्या नोटिशीला कंपनीचं उत्तर. काशिराम भाजलाच नाही म्हणे, रोज कामावर आहे! सोबत हजेरीची झेरॉक्स. अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून परवापर्यंत सह्या. वाकून बघितलं. माझीच सही. उजव्या हाताची. 'श'ची गाठसुद्धा तशीच.

वकिलांनी समजावलं — बॉयलरवर सर्टिफिकेटवालाच माणूस लागतो, तुमचं सर्टिफिकेट कमळाकरकडे राहिलं, तुमच्या नावावर दुसरा उभा केलाय. पटलं. तरी घरी आल्यावर माझे कामाचे बूट जागेवर आहेत का ते बघितलं.

९ मार्च
बायकोला, भामाला, बाजारात आमचा जुना शेजारी शिवा भेटला. "तुजा मालक दिसला गो तळोज्याला, कंपनीच्या गेटावर. तोंडाला फडका. हाक मारली तं वलला पन नाय." भामाने हसत सांगितलं. जेवताना मात्र ती माझ्याकडे बघेना.

१० मार्च
कोण असेल तो? घरी त्याला काय नावाने हाक मारत असतील?

१२ मार्च
अर्ज टाईप झाला. मंगळवारी, शेवटच्या दिवशी, दाखल करायचा. पण हजेरी खोटी पाडायला तो माणूस हवा. सोमवारी गेटवर त्याला गाठू, वकील म्हणाले. मला भीती वाटते — खरंच वाटते. त्याने फडका काढला तर?

१४ मार्च
निघणार तेवढ्यात फोन. भामाने घेतला. कंपनीतले कुणी साहेब. "पहाटे बॉयलरवर अपघात झाला. तुमचे मिस्टर काशिराम गेले. बॉडी न्यायला या."

भामाने फोन माझ्या कानाला लावला.

मी म्हणालो, "येतो."