मला माणूस द्या

४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. दिवसभर फोनच्या गराड्यात असतेस म्हणून घरी तुला पत्रच लागतं, तर हे घे. नाहीतरी ही बातमी फोनवर सांगायची माझी छाती झाली नसती.

तक्रारींचे फोन घेणारं, माणसासारखं बोलणारं यंत्र बसवायचं नवं काम आमच्या कंपनीला मिळालंय. गिऱ्हाईक म्हणजे तुमचीच फ्रिज-वॉशिंग मशीनची कंपनी, आणि यंत्र येणार तुझ्याच विभागात. सध्या सगळ्या धंद्यांत हेच वारं आहे. शेजारच्याने एआय घेतलं, की आपल्यालाही हवं. तुमच्या मालकांनीही तेच सांगितलं, की आता थांबलो तर मागे पडू.

काम माझ्याकडे आलंय. तुझ्या हाताखालच्या सगळ्याजणी मला फ्रॉकात असल्यापासून ओळखतात. त्यांच्या पोटावर पाय द्यायला मीच यायचं? साहेबांना सांगून काम दुसऱ्याला देते.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी

११ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा, तो भेटीत.

काम सोडलंस तर गाठ माझ्याशी आहे! तू नाही आलीस, तर आमच्याशी काडीचं देणंघेणं नसलेला कुणीतरी येईल.

परवा तुमच्या लोकांनी यंत्राचा नमुना लावला. बोलतं गोड, पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयासारखं. खोटं कशाला बोलू, साध्या तक्रारी त्याने आमच्याआधी निपटल्या. पण एका आजोबांचा फ्रिज बंद पडला होता आणि आत बायकोची इंजेक्शनं. ते काकुळतीला आलेले, आणि हे आपलं मॉडेल नंबर विचारतंय! शेवटी मीच फोन ओढून घेतला.

तेव्हा दोन गोष्टी मालकांकडून कबूल करून घ्यायच्या. कुणी एकदा ‘मला माणूस द्या’ म्हटलं, की माणूस मिळालाच पाहिजे. आणि यंत्राच्या चुका सुधारायचं काम आमच्याच बायकांना, त्याच पगारात. बैठकीला मीही येणार आहे. तू तिकडून ढकल, मी इकडून ओढते.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती लिहायला नको.
तुझी मावशी

२६ जून

ती. मावशीस,
सा. न. बैठकीत तुला बाहेर बसवल्यावर आत काय झालं ते ऐक. मालक म्हणाले, माणसं ठेवायची तर यंत्र कशाला? आमचे साहेब डोळ्यांनी मला गप्प करत होते. मी मात्र त्या आजोबांच्या फोनचं रेकॉर्डिंगच सगळ्यांना ऐकवलं आणि सांगितलं, की माणसाची वाट ठेवली नाही तर यंत्र सुरू करायच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. साहेबांचा चेहरा पडला.

तुझ्या दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. कुणालाही काढणार नाहीत. पण मावशी, कुणाला कोणता फोन द्यायचा हे आता यंत्रच ठरवणार, म्हणून विभागप्रमुखाची जागा रद्द. तुझी जागा. पुष्कळ भांडले, पण तिथे हरले. हे कोणत्या तोंडाने लिहू?

मला टाकू नकोस.
भिंगरी

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. रडूबाई, डोळे पूस. काचेची खोली गेली, पगारही थोडा उतरला. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण घरी बसायला मी काही थकलेली नाही. सगळ्याजणींच्या रांगेतच खुर्ची घेतली आणि कितीतरी वर्षांनी हेडफोन चढवला.

पहिलेच गृहस्थ ‘मला माणूस द्या’ म्हणून ओरडत माझ्याकडे आले. मी अदबीने विचारपूस केली, तर म्हणाले, इतकं गोड यंत्रच बोलतं, मला फसवू नका. समजावून दमले. मग त्यांना असं काही झापलं, की शेजारणी माना वळवून बघायला लागल्या. मग मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, हां, आता सांगतो बाई, काय झालंय ते.

उद्या लवकर जायचंय. लोभ वाढव.
तुझी मावशी