धुक्यात एका जागी

१४ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन करता आला असता, हे मलाही कळतं. पण उभी नोकरी एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात गेली. कानाला रिसीव्हर लावला की अजूनही वाटतं, आपण चोरून कुणाचं तरी बोलणं ऐकतोय.

तर मुद्द्याचं. आमचे चिरंजीव मंगळवारपासून इथे मुक्कामाला आहेत. लॅब रंगकामासाठी बंद आहे म्हणतो. लोकांची तोंडं उघडी असताना कवळ्या बनवायची लॅब बंद कशी, हे मी विचारलं नाही. आल्यापासून न्हाणीघराचा नळ झाला, खिडकीची कडी झाली, आणि आज धड चालणारं घड्याळ खोलून बसलाय. लहानपणापासून त्याचं असंच आहे. तोंड मिटलं की हात सुटतात.

काल जेवताना म्हणाला, आई, तिला पत्र लिही आणि ते समुद्रावरचं काम सोडायला सांग. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, तिने एका पाहुण्याला धुक्यात टाकून दिलं. तेव्हा लिहिते: सूनबाई, ते काम सोड. झालं. सांगायचं होतं ते सांगितलं.

आता काय घडलं ते मला नीट कळव. भाजीचं देठ टाकतानाही तू दोनदा विचार करतेस. तू माणूस टाकलंस, हे माझ्या काही गळी उतरत नाही.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्याला दुसरं काम काय? राग आला असेल तर अवश्य लिही, मात्र आधी ख्यालीखुशाली, मग राग.

तुझी,
आई


२० जून

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी ख्यालीखुशाली. मी बरी आहे. उजवा खांदा दुखतो. खालच्या लाँड्रीची वाफ वर येते, त्यामुळे दोन्ही खोल्या उबदार आहेत. लॅब उघडी आहे. रंगाचा एक ठिपकाही तिथे कुठे दिसला नाही.

आता घडलं ते. पर्यटकांना घेऊन सकाळची फेरी होती. शेडमध्ये सगळ्यांना जॅकेटं घातली. कमरेभोवती बसवायचा रबरी घेर असतो, त्याला आम्ही बोटीचा परकर म्हणतो. तो नेसताना नेहमीप्रमाणे हशा पिकला. आमच्या कयाक, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, काही एकेकट्याच्या, काही जोडीच्या. सुळक्याला वळसा घातला तेव्हा पाणकावळे पंख वाळवत बसले होते, सील खडकावर लोळत होते. पलीकडे देवमाशाची मादी आणि तिचं पिल्लू. आम्ही जवळ जात नाही. लांबच वल्ही आडवी ठेवून थांबतो. यायचं असेल तर ती येते. तिचा श्वास सुटतो तो जड लोखंडी दार ढकलल्यासारखा. 

तेवढ्यात धुकं आलं. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना एकत्र बोलावलं. अशा वेळी प्रत्येकाने शेजारच्या बोटीची कड धरायची आणि कुणीही हलायचं नाही, असा नियम आहे. आठांपैकी सातजण आले, एक सोडून. जमीन मोजणी खात्यातले एक निवृत्त गृहस्थ एकट्याच्या बोटीत होते आणि फोटोसाठी पुढे सरकले होते. मी हाका मारल्या. उत्तर एकदा डावीकडून आलं, मग समोरून, मग आलंच नाही.

मी त्यांना शोधायला गेले असते तर बाकीचे माझ्या मागे आले असते किंवा वाहत गेले असते. दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा वल्हं धरलं होतं. एक बाई इतकी कापत होती की तिची बोट माझ्या बोटीवर वाजत होती. मी वायरलेसवर कळवलं, शिट्टी वाजवत राहिले आणि जागची हलले नाही. धुक्यातून मादीचा श्वास ऐकू येत होता. कुठून, ते कळत नव्हतं.

धुकं विरायला दुपार झाली. मासेमारीच्या एका बोटीला ते गृहस्थ खडकांच्या बाहेर सापडले, ओठ निळे पडलेले. आता इस्पितळात आहेत, धोका टळलाय. चौकशी होईपर्यंत बोटींच्या मालकीणबाईंनी मला किनाऱ्यावर बोटी धुवायला लावलंय.

त्या संध्याकाळी तुमच्या मुलाने माझे हात टॉवेलात धरून चोळले. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्या माणसाच्या जागी मी असतो तर? मी म्हटलं, तरी मी बाकीच्यांपाशीच थांबले असते. त्याने टॉवेलाची घडी घातली, दांडीवर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आला.

टाकून दिलं, असं तो त्या गृहस्थांबद्दल बोलत नसावा.

काम सोडत नाही. राग नाही. माया आहे ती तेवढीच असू द्या.

तुमची,
सून


२७ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्याने आणि एकदा भिंगाने, कारण तुझं अक्षर शेवटी शेवटी बारीक होत गेलंय.

तुझं उत्तर बरोबर होतं. मी त्याची आई आहे, तरीही म्हणते. धुक्यात सातजणांना सोडून माझ्या मुलामागे जाणारी बाई मला सून म्हणून आवडली असती, पण तिच्या बोटीत मी बसले नसते.

पण बाई गं, उत्तर देण्याआधी एक श्वास थांबायचं होतंस. त्याने विचारलं ते धुक्याबद्दल नव्हतं. तुझ्या सासऱ्यांनी मला एकदा विचारलं होतं, पुन्हा लग्न करायची वेळ आली तर कुणाशी करशील? मी नीट विचार केला आणि म्हटलं, तुमच्याशीच. विचार करायला वेळ लावला म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा थांबायचं ते एक श्वास. जास्तही नाही.

मी मध्ये पडणार नाही. आयुष्यभर दोन टोकं जोडून दिली, की आपली वायर काढून घ्यायची, एवढंच शिकले.

घड्याळ आता पुढे पळतं. दुरुस्त करणाऱ्याने त्याबद्दल मौन पाळलंय. रात्री अंथरुणात कूस बदलत असतो. पलंग करकरतो म्हणून सकाळी पलंगही उलटा केला.

एक विचारायचं राहिलं. देवमासे झोपतात कसे? श्वास घ्यायला वर यावं लागतं म्हणतात, मग झोपेत विसरत नाहीत का? सवडीने लिही. खांद्याला शेक दे, आणि आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
आई


८ जुलै

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

देवमासे अर्धेच झोपतात म्हणे. मेंदूची एक बाजू निजते, दुसरी श्वासाकडे लक्ष ठेवते. सध्या मला ते फार समजतं.

चौकशी झाली. मोजणीवाले गृहस्थ स्वतः आले, काठी टेकत. शेडमध्ये ओल्या जॅकेटांखाली आम्ही खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर पाणी ठिबकत होतं, तरी त्यांनी जागा बदलली नाही. मला वाटलं, आता नोकरी जाणार. मालकीणबाईंनी त्यांना विचारलं, तुमची तक्रार काय?

ते म्हणाले, तक्रार घेऊनच निघालो होतो. पहिले काही दिवस मनात एकच होतं, की ही मुलगी मला शोधायला आली नाही. मग इस्पितळात पडल्या पडल्या सगळं आठवत गेलं. धुक्यात देवमाशाचा श्वास कधी पुढून, कधी मागून येत होता. लाटांचा आवाज चहूकडून. फक्त शिट्टी तेवढी एका जागी होती. वाहत चाललो की ती लहान होई, वल्हं मारलं की मोठी होई. हात गळाले तेव्हा तिच्याकडे तोंड करून बसून राहिलो, म्हणून भर समुद्रात गेलो नाही. मला शोधायला ती शिट्टी फिरत सुटली असती, तर मीही तिच्यामागे गरगरत सुटलो असतो. उभा जन्म मी जमीन मोजली, म्हणाले. एक खुंटी तरी पक्की लागते.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, पुढे जाऊ नका असं तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं होतं.

सोमवारपासून मी पुन्हा पाण्यावर आहे.

हे तुमच्या मुलाला कृपा करून सांगू नका. मी थांबले तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. शिट्टी त्यांच्या उपयोगी पडतेय म्हणून मी थांबले नव्हते. मागाहून कळलं ते चांगलंच झालं, पण त्याने जे विचारलं त्याचं ते उत्तर नाही.

पलंगाची भिंतीकडची बाजू रिकामी आहे. मी अजून माझ्याच बाजूला झोपते.

एक श्वास थांबायला हवं होतं, हे पटलं.

तुमची,
सून


१३ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

सांगितलं. तू नको म्हणालीस, पण मोतीबिंदू झाल्यापासून मी पत्र मोठ्याने वाचते, आणि हा शेजारी बसून गॅसची शेगडी उघडत होता. त्याला काय कानात बोळे घालायला सांगू? पलंगाचं वाक्यही वाचलं गेलं. माझा नाइलाज होता.

जेवणानंतर आपलं ताट स्वतः घासलं, तेव्हा मी ओळखलं की आता काहीतरी येणार. म्हणाला, ती थांबली ते बरोबर, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आई. मी रोज लॅबच्या खिडकीतून समुद्राकडे बघतो. बोटी परत येताना दिसल्या की पुन्हा दातांकडे वळतो. त्या दिवशी धुक्याच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत दुपारपर्यंत उभा होतो. आणि तिने माझ्या प्रश्नाला असं उत्तर दिलं, जणू कुणी बसची वेळ विचारली.

मी म्हटलं, मग हे तिला सांग, माझ्या नळाला कशाला सांगतोस? तेव्हा हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तर शनिवारच्या बसने आम्ही दोघं येतोय. रविवारच्या फेरीत जोडीची एक बोट आमच्यासाठी ठेव. मी पुढे बसेन, तो मागे बसून वल्हं मारेल, असं त्याचं म्हणणं आहे. माझ्यापेक्षा तुलाच जास्त ठाऊक, पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्याची काय गत होते. गावातल्या तलावातही हा काठ धरून बसायचा. मी एकदाच विचारलं, नक्की का? एकदाच नक्की म्हणाला.

माझ्या मापाचा परकर शोधून ठेव. भेटीत उरलेलं बोलू.

तुझी,
आई


२९ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचले. घर फार शांत आहे. नळ गळत नाही, पलंग करकरत नाही, दुरुस्तीला काही उरलेलं नाही. घड्याळ तेवढं घाईत आहे. तो तुझ्याकडेच राहिला ते बरं झालं. अजून आठवडाभर इथे असता तर त्याने मलाही खोललं असतं.

तुझा निरोप घेताना बसची गडबड होती, म्हणून आता लिहिते. समुद्र मला आवडला. परकरात मला बसवायला दोन माणसं लागली, हे गावभर सांगू नकोस. पाणी इतकं जवळ असेल असं वाटलं नव्हतं, अगदी कुशीशी. ती मादी पिल्लाला घेऊन आमच्या आणि तुझ्या बोटीच्या मधून गेली, तेव्हा तिचा डोळा मला दिसला. तू वल्ही आडवी ठेवायला सांगितलीस, मी ठेवलं. तिने मला पाहिलं असावं. दोघींपैकी कुणालाही त्याबद्दल फार काही वाटलं नाही, पण मी विसरणार नाही.

आता तुला ठाऊक नसलेलं. मी पुढे असल्यामुळे मला मागचा तो दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. सुरुवातीला त्याचे दात वाजत होते, कवळ्यांच्या डब्यासारखे. मी मागे वळले नाही. वळले तर बोट डुलेल, असं तूच बजावलं होतंस. मग दात थांबले. सुळक्यापाशी पोचेपर्यंत वल्ह्याला लय आली.

मादी गेल्यावर तू वळून सगळ्यांकडे पाहिलंस. तेव्हा तो हळूच म्हणाला, आई, ही आपल्याला मोजते. मी म्हटलं, मोजणारच, तिचं कामच आहे. तो म्हणाला, तसं नाही. एकदा अख्ख्या घोळक्यावरून नजर फिरवते, कुणावर कमी नाही, कुणावर जास्त नाही. माझ्यावरही इतरांइतकीच. मला वाटलं, आता पुन्हा तेच सुरू. थोडा वेळ वल्हं चाललं. मग म्हणाला, पण दर वेळी सुरुवात माझ्यापासून करते.

खरं की खोटं, मला माहीत नाही. मी तुला विचारणारही नाही, आणि तूही मुद्दाम तपासायला जाऊ नकोस. चांगली सवय बिघडते. एकाच बोटीत होतो, मी पुढे होते, वयानेही मोठी. तरी माझा नंबर दुसरा. चालायचंच.

दोघं वेळेवर जेवत जा, आणि या म्हातारीला मोजण्यात धरत राहा.

तुझी,
आई